नळी उघडल्यानंतरचे तीस दिवस

“डॉक्टरसाहेब, नळी तर उघडली होती ना? सीडीत आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. मग पंधराच दिवसांत पुन्हा अॅटॅक आला कसा?”

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका तरुण मुलाने माझ्या दवाखान्यात बसून विचारलेला हा प्रश्न. त्याचे वडील आमच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम. वय चोपन्न. तंबाखू होती, साखर थोडी वाढलेली होती, पण ‘मला काही होत नाही’ हा त्यांचा ठेक्याचा शब्द. एका सोमवारी सकाळी वजनकाट्याजवळ उभे असतानाच त्यांच्या छातीत दाटून आले, दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचलून माझ्याकडे आणले. कार्डिओग्रामची पट्टी पाहताच शंकेला जागा उरली नाही. अॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या गिळायला लावल्या, १०८ ला फोन केला आणि सोलापूरला रवाना केले. कळ आल्यापासून साडेतीन तासांत तिथे त्यांची बंद पडलेली नळी फुग्याने उघडून स्टेंट बसवला गेला. आमच्यासारख्या गावातून हे एवढ्या वेळात जुळून येणे सोपे नाही. शुक्रवारी मुनीम घरी आले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पेढेसुद्धा वाटले.

पुढच्या शुक्रवारी गोळ्यांची पट्टी संपली. औषधाच्या दुकानात त्या नावाची गोळी नव्हती, ‘सोमवारी येईल’ असे उत्तर मिळाले. त्यातच दोन दिवसांपासून दात घासताना हिरड्यांतून थोडे रक्त येत होते. घरात पाहुणे म्हणून आलेले दाजी म्हणाले, “रक्त फार पातळ झालंय. चार दिवस दम खाऊ द्या शरीराला.” झाले! जी गोळी संपली होती ती आणलीच नाही, आणि जी शिल्लक होती ती अॅस्पिरिनही बाजूला ठेवली. मंगळवारी पहाटे तीन वाजता कळ आली. घरच्यांनी पित्त समजून थंड दूध दिले, ओवा दिला. सकाळी आठ वाजता मुनीम माझ्यासमोर होते आणि पट्टीवर पंधरा दिवसांपूर्वीचेच चित्र होते, किंबहुना अधिक वाईट.

सोलापूरला पुन्हा अँजिओग्राफी झाली. तोच स्टेंट गुठळीने तोंडापर्यंत भरलेला. पहिल्या झटक्यानंतर हृदयाची पंप करण्याची शक्ती पन्नास टक्के राहिली होती. दुसऱ्यानंतर ती तीसवर आली. (निरोगी माणसात ती पंचावन्नच्या पुढे असते.) मुनीम वाचले, पण जिना चढणारा माणूस जिन्याखाली बसू लागला.

मुलाच्या मनात संशय होता की स्टेंटच डुप्लिकेट बसवला. भावकीतल्या कुणीतरी ते डोक्यात भरवले होते. असे काही घडले नव्हते. नळी व्यवस्थित उघडली होती आणि स्टेंटही चांगला होता. मग चुकले कुठे, हे समजण्यासाठी थोडे नळीच्या आत शिरावे लागेल.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या नळ्या आहेत, त्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. झटका येतो तो बहुधा हा थर हळूहळू वाढून नळी बंद झाल्याने नव्हे. थरावरचे पातळ आवरण अचानक फाटते. आतली चरबी रक्ताला भिडते आणि शरीराला वाटते, इथे जखम झाली. बोट कापल्यावर रक्त थांबवण्यासाठी धावणाऱ्या ज्या बारीक चकत्या रक्तात असतात, ज्यांना आम्ही प्लेटलेट म्हणतो, त्या इथेही धावतात, एकमेकींना चिकटतात, त्यांच्याभोवती धाग्यांचे जाळे विणले जाते आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. बोटावर जी जीव वाचवते तीच हृदयाच्या नळीत जीव घेते.

आता तातडीच्या अँजिओप्लास्टीत काय होते? फुगा फुगवून ती गुठळी आणि तो थर बाजूला दाबतात आणि पुन्हा मिटू नये म्हणून तारेची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. रक्त वाहू लागते, कळ थांबते. पण फाटलेली जागा फाटलेलीच आहे. उलट फुग्याने ती आणखी थोडी उकललेली आहे. त्यात भर म्हणून रक्ताच्या वाटेत उघडी धातूची जाळी बसलेली आहे. प्लेटलेटच्या दृष्टीने ही चिकटायला अगदी हवी तशी जागा. त्या जाळीवर शरीराचे स्वतःचे नाजूक अस्तर चढेपर्यंत काही आठवडे, औषध लावलेल्या स्टेंटवर तर काही महिने जातात. तोवर तिथे गुठळी होऊ न देण्याचे काम दोन गोळ्या करतात, एक अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक.

लोक यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात. मीही बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण हा शब्द चुकीचा आहे आणि त्यानेच निम्मा घोटाळा होतो. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. प्लेटलेटचा चिकटपणा तेवढा कमी होतो. ‘पातळ’ म्हटले की माणसाला वाटते, आता पुरे झाले पातळ, थोडे घट्ट होऊ द्या.

ठरवून, सवडीने केलेल्या अँजिओप्लास्टीपेक्षा झटक्याच्या वेळी केलेल्या अँजिओप्लास्टीत हा धोका जास्त असतो. कारणे अगदी साधी आहेत. झटक्यात नळी आकसलेली असते, त्यामुळे डॉक्टरांना ती आहे त्यापेक्षा अरुंद दिसते आणि स्टेंट थोडा लहान मापाचा निवडला जाऊ शकतो. स्टेंटच्या मागे दबलेली ताजी गुठळी पुढच्या काही दिवसांत विरघळते आणि जाळी भिंतीपासून किंचित सुटी पडते. रुग्णाला उलट्या होत असतील किंवा मॉर्फिन दिलेले असेल तर पोटात गेलेल्या गोळ्या रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि एवढ्या मोठ्या दुखापतीनंतर रक्तातल्या प्लेटलेट कित्येक दिवस खवळलेल्याच असतात. आजचे स्टेंट आणि आजची औषधे वापरूनही तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर पहिल्या तीस दिवसांत शंभरात एखाद्या-दोघांचा स्टेंट गुठळीने बंद पडतो. आकडा लहान वाटेल. पण ज्यांचा बंद पडतो त्यांच्यातले पाचात एक किंवा त्याहूनही जास्त दगावतात.

ही गोष्ट डॉक्टरांनाही ठेचा खाऊनच कळलेली आहे. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुएन्टझिग या डॉक्टरांनी पहिल्यांदा जागत्या माणसाच्या हृदयाची नळी फुग्याने उघडली. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिश सिगवार्ट यांनी पहिले स्टेंट बसवले. जगभर आशा पल्लवित झाली. पण १९९१ साली पहिल्या १०५ रुग्णांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात २५ जणांचे स्टेंट पूर्ण बंद पडलेले निघाले, आणि त्यातले बहुतेक पहिल्या चौदा दिवसांतच. पुढे काही वर्षे गुठळी टाळण्यासाठी वॉरफरिनसारखी जबर औषधे दिली जात. त्यांनी रक्तस्राव व्हायचा आणि स्टेंटही बंद पडायचेच. १९९६ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी ५१७ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. वॉरफरिनच्या जातीच्या औषधावर शंभरात पाचांहून अधिक जणांचा स्टेंट बंद पडला. अॅस्पिरिनच्या जोडीला प्लेटलेटवरचे दुसरे औषध दिलेल्या गटात मात्र शंभरात एकाचाही नाही, ०.८ टक्के. त्या दिवसापासून ‘दोन गोळ्या’ हा स्टेंटचाच भाग झाला. मी रुग्णांना सांगतो, तुमचा स्टेंट दोन तुकड्यांत आहे. एक तुकडा छातीत आहे आणि दुसरा तुमच्या औषधाच्या डबीत.

अँजिओप्लास्टी न होता नुसत्या इंजेक्शनने गुठळी विरघळवली असेल तर? तिथेही तोच न्याय. १९९४ साली मी सरकारी रुग्णालयात हाऊसमन असताना आमच्या आयसीयूत स्ट्रेप्टोकायनेज हे मोठे अप्रूप होते. बाटली लावली की तासाभरात रुग्णाचा चेहरा बदलायचा. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आता घरी सोडू म्हणेपर्यंत, त्यातलाच एखादा पुन्हा छाती धरून उठून बसायचा. आमचे सर राउंडला आले की इंजेक्शनच्या आधी विचारायचे, “अॅस्पिरिन दिलं का?” त्यामागे १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रचंड अभ्यास होता, १७ हजार १८७ रुग्णांचा. इंजेक्शनही नाही आणि अॅस्पिरिनही नाही अशा गटात पाच आठवड्यांत शंभरात तेरा जण दगावले. दोन्ही मिळालेल्या गटात आठ. पण माझ्या लक्षात राहिले ते त्यातले दुसरेच वाक्य. नुसते स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांत दुसरा झटका येण्याचे प्रमाण उलट वाढले होते, आणि सोबत अॅस्पिरिन दिल्यावर ती वाढ पार नाहीशी झाली होती. गुठळी विरघळताना तिच्यात अडकलेले, रक्त गोठवणारे द्रव्य मोकळे होते आणि नव्या गुठळीची तयारी सुरू होते. नळी उघडणे आणि उघडी ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे वैद्यकाला तेव्हाच समजले होते.

म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन ज्यांची कळ थांबली आहे, त्यांच्या नातेवाइकांना माझे हात जोडून सांगणे आहे. आजकाल टेनेक्टेप्लेज नावाचे एकाच दमात देता येणारे इंजेक्शन मिळते. ते लवकर मिळाले तर मोठे काम करते. पण कळ थांबली म्हणजे संपले असे समजून “आता बरं वाटतंय, घरी नेतो, नंतर बघू” म्हणू नका. इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाची अँजिओग्राफी दोन ते चोवीस तासांच्या आत व्हावी, असा आज जगभरचा संकेत आहे. आणि इंजेक्शननंतर तास-दीड तासात कळ थांबली नाही, पट्टी सुधारली नाही, तर चोवीस तासांचीही वाट पाहायची नाही, तडक निघायचे. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र कुठे बसतो ते आधी विचारा. घाईत बाहेर पडताना ही दोन कार्डे विसरल्यामुळे लोकांनी दागिने गहाण ठेवलेले मी पाहिले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माणसे गोळ्या का सोडतात? अमेरिकेत १९ रुग्णालयांनी मिळून झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांवर नजर ठेवली होती. त्याचा अहवाल २००६ साली आला. या पाचशेतल्या ६८ जणांनी, म्हणजे जवळजवळ सातातल्या एकाने, दुसरी गोळी तीस दिवसांच्या आतच सोडली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी चालू ठेवणाऱ्यांत शंभरात एकही मृत्यू नव्हता, ०.७ टक्के. सोडणाऱ्यांत ७.५ टक्के. दहापट! सोडणारे कोण होते? वयस्कर, कमी शिकलेले, एकटे राहणारे, खर्चाला घाबरून दवाखाना टाळणारे. आणि पुढचे कारण वाचून आम्हा डॉक्टरांनी मान खाली घालावी. घरी जाताना गोळ्यांविषयी ज्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते, असे लोक त्यांत जास्त होते. अमेरिकेतली ही अवस्था. आपल्याकडे तर डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, अक्षर डॉक्टरांचे आणि सांगणारा माणूस बिलाच्या खिडकीवर. मुनिमांच्या कार्डावर आठ औषधांची नावे होती. त्यातली कुठली दोन जीव वाचवणारी, हे त्या कागदावरून त्यांच्या मुलाला कळण्याची काही सोय नव्हती. ते मीही त्यांना घरी बोलावून सांगितले नव्हते. पेढा मात्र खाल्ला होता.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन स्टेंट बसला होता. त्यांची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांनी साहजिकच विचारले, रक्त थांबेल ना? गुरुजी माझ्याकडे चिठ्ठीसाठी आले आणि मी, त्या काळी सगळेच देत असत तशी, चिठ्ठी दिली, ‘दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद ठेवून दाढ काढण्यास हरकत नाही.’ ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना एक फोन करावा, हे मला सुचले नाही. दाढ सुखरूप निघाली. रक्त अगदी बेताचे आले. त्याच रात्री गुरुजींना झटका आला आणि आम्ही शहराच्या वेशीपर्यंतही पोहोचलो नाही. गोळी बंद केल्यामुळेच असे झाले हे शवचिकित्सेवाचून छातीठोकपणे सांगता येणार नाही, असे मी पुष्कळदा मनाला सांगून पाहिले आहे. त्यांच्या घरच्यांनी मला कधीही दोष दिला नाही.

तर दाढेसाठी या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दाढ काढलेल्या जागी कापूस दाबून, टाका घालून रक्त थांबवता येते, आणि दातांचे डॉक्टर आता हे जाणतात. थांबण्यासारखे काम असेल तर ते काही महिने पुढे ढकलावे. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, जे काही असेल ते, आधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे. मी सांगितले, दाजींनी सांगितले, मोबाईलवर आले, म्हणून नाही. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. अॅस्पिरिन बंद केल्यावर पाच-सात दिवसांत पुरेशा नव्या, चिकट प्लेटलेट तयार होतात. टिकाग्रेलॉरचा परिणाम तर त्याहून लवकर ओसरतो. म्हणूनच ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि म्हणूनच ‘सोमवारी येईल’ हे दुकानदाराचे उत्तर मुनिमांना महागात पडले.

टिकाग्रेलॉरविषयी आणखी एक सांगायचे. या गोळीने काहींना बसल्या बसल्या श्वास अपुरा पडल्यासारखे वाटते. २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात शंभरात सुमारे चौदा जणांना असे वाटले. बहुतेकांना ते सौम्य असते आणि काही दिवसांनी जाते. पण दम लागणे हे हृदय थकल्याचेही लक्षण असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवायचे. ते गरज वाटल्यास गोळी बदलून देतील. बदलणे वेगळे आणि सोडणे वेगळे. गोळी परवडत नसेल तर तेही संकोच न करता सांगा. क्लोपिडोग्रेल आता जनऔषधी केंद्रात फार स्वस्त मिळते. मात्र ही अदलाबदल दुकानदाराने करायची नाही.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. दोन गोळ्या चालू असताना हिरडीतून थोडे रक्त येणे, दाढी करताना कापले तर ते उशिरा थांबणे, हातापायावर निळे डाग पडणे हे चालायचेच. ते दाखवा, पण गोळी चालू ठेवून दाखवा. डांबरासारखी काळी शौच होणे, उलटीत रक्त, लघवीत रक्त, अचानक प्रचंड डोकेदुखी किंवा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काही झाले तर मात्र त्याच तासाला रुग्णालय. तिथे कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे ते ठरवतील. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे किंवा ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी ते आधीच सांगावे. अशांसाठी दोन गोळ्यांचा काळ कमी ठेवता येतो. एरवी झटक्यानंतर तो साधारण बारा महिने असतो आणि पुढे एक गोळी कायमची.

आता आमच्या दवाखान्यांतल्या सवयी. अंग दुखते म्हणून येणाऱ्या माणसाला डायक्लोफेनॅक टोचायचे ही माझ्या पिढीची जुनी खोड. स्टेंटवाल्या रुग्णाला ते देऊ नये. त्याने रक्तस्रावही वाढतो आणि हृदयावरचा धोकाही. आयब्रुफेन तर अॅस्पिरिनच्या आधी घेतले गेले तर अॅस्पिरिनची जागाच अडवून बसते. ताप, कणकण यांसाठी पॅरासिटामॉल पुरे. पित्ताच्या गोळीचेही तसेच. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळून पॅन्टोप्राझोल घ्यावे, कारण ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी माझ्याकडे आलात तरी, आधी तोंडाने सांगा, ‘मला स्टेंट आहे, अमुक तारखेला बसलाय.’ गर्दीच्या दिवशी माझ्याही लक्षात राहत नाही. आणि दुधी भोपळ्याचा रस! ज्यांना आवडतो त्यांनी भाजी खावी. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते हे ध्यानात ठेवावे. आणि स्टेंट उघडा ठेवण्याचे काम दुधी करत नाही.

दुसरा झटका दर वेळी त्याच नळीत येतो असेही नाही. झटका येऊन गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आणखी एखाद्या नळीत लक्षणीय अडथळा असतो. तातडीच्या वेळी डॉक्टर बहुधा झटक्याला कारण झालेली नळी उघडतात आणि म्हणतात, ‘दुसरी नंतर करू, महिन्याभराने या.’ पुष्कळ घरांत याचा अर्थ ‘पैसे काढण्यासाठी बोलावतात’ असा लावला जातो. २०१९ मध्ये चार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. दुसऱ्या नळीचेही काम करून घेतलेल्यांत तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा झटका ७.८ टक्क्यांना आला, न केलेल्यांत १०.५ टक्क्यांना. तेव्हा तारीख दिली असेल तर जा. जायचे नसेल तर निदान त्यांना का ते विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू-बिडी सोडणे हे या दुसऱ्या नळ्यांसाठीच आहे. तंबाखू सोडल्याचा फायदा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मशेरीही तंबाखूच, हे माझ्या भगिनींना वेगळे सांगावे लागते.

आणि कळ परत आलीच तर? स्टेंट बसलेल्या माणसाच्या छातीत, जबड्यात, दोन खांद्यांच्या मध्ये दुखले, पहिल्या वेळेसारखे दाटले, घाम सुटला, तर ते पित्त आहे की गॅस आहे याची चर्चा घरात करायची नाही. बसवा, जिभेखालची गोळी दिलेली असेल तर एक ठेवा, पाच मिनिटांत आराम नाही तर १०८. जवळ रुग्णवाहिका नसेल तर कुणाची तरी जीप, पण रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत यायचे नाही. शक्यतो जिथे अँजिओप्लास्टी होते तिथेच न्या, आणि डिस्चार्ज कार्ड व सीडी सोबत घ्या. मुनिमांचे पहाटे तीन ते सकाळी आठ हे पाच तास दुधात आणि ओव्यात गेले. त्यातच त्यांचा वीस टक्के हृदयाचा जोर गेला.

त्यांच्या मुलाला मी हे सगळे त्या दिवशी सांगितले. त्याने एकच विचारले, “म्हणजे आम्हीच केलं का हे?” मी म्हटले, “बाळा, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात मीही आलो.”

आता मुनीम दर महिन्याच्या पाच तारखेला येतात. आडतीवर निम्मा दिवस बसतात, जिना टाळतात. दोन्ही गोळ्यांची नावे त्यांनी कार्डावर लाल शाईने मराठीत लिहून घेतली आहेत, आणि पट्टीत सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची पट्टी आणायची असा त्यांचा नेम आहे. गेल्या महिन्यात दुकानदार पुन्हा ‘सोमवारी येईल’ म्हणाला. मुलगा त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने सोलापूरला जाऊन गोळ्या घेऊन आला.